हंडेवाल्यांचे डॉक्टर

माणसाचा हात बघून भविष्य सांगणारे आमच्या जळगावात पुष्कळ आहेत, पत्रिका बघणारे तर गल्लोगल्ली आहेत. पण नुसती लघवी बघून माणसाचा अख्खा दिवस सांगणारा गृहस्थ उभ्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी थोरला दीर म्हणून आला. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. तुम्ही किती पाणी प्यायलात, किती वेळ उन्हात होतात, दुपारी झोपलात की कुणाशी भांडलात, हे सगळं त्यांना बाटलीतल्या रंगावरून कळे. पेशाने डॉक्टर, पण औषध देणारे नव्हेत. धुळ्याला एका मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचे. सोमवारी पहाटेच्या बसने जायचे, शनिवारी संध्याकाळी परत यायचे. लग्न केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, मुली बघायला नेला होता हो, पण ह्याने पहिल्याच मुलीला विचारलं, दिवसातून किती वेळा जातेस? त्यानंतर आमच्या समाजात कुणी मुलगी दाखवली नाही, आणि ह्यांनाही ते बरंच झालं.

मी ह्या घरात आले तेव्हा लग्नाची हळदसुद्धा उतरली नव्हती. आमच्याकडे जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरून पदर घ्यायचा, थेट बोलायचं नाही, असा रिवाज. मी आपली मान खाली घालून पोहे परतत होते, तर हे दारात येऊन उभे. म्हणाले, "अगं, उद्या सकाळची पहिली लघवी ह्या बाटलीत दे. बाटली उकळून घेतलीय, घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हणे! माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. सासूबाईंकडे बघितलं, तर त्या कांदा चिरता चिरता शांतपणे म्हणाल्या, "देऊन टाक बाई. मीपण देते. त्याला नाही म्हटलं की तो कारण सांगत बसतो, आणि त्याचं कारण दूध उतू जाईपर्यंत संपत नाही." दिली, काय करणार! दुसऱ्या दिवशी निकाल आला. "तू फार कमी पाणी पितेस. माहेरी नळ लांब होता का?" आणि मेलं खरंच होतं ते. चार घरं सोडून नळ होता आमचा, आणि लहानपणापासून मला पाणी जपून प्यायची सवय. त्या दिवशी मी पदर सोडला. जो माणूस माझी लघवी बघून माझं माहेर सांगतो, त्याच्यासमोर डोकं झाकून काय उपयोग?

त्यांचं सगळं आयुष्य एका रसाभोवती फिरायचं. व्हॅसोप्रेसिन त्याचं नाव. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक गाठ असते म्हणे, तिच्यातून हा रस रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला सांगतो की पाणी अडव, वाया घालवू नकोस. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पांझरा नदीकाठी फडाच्या शेतीत पाणी वाटणारा पाटकरी असतो, कुणाचा पाट कधी उघडायचा, कधी बंद करायचा ते बघणारा, तसा हा शरीरातला पाटकरी, असं ते समजावून सांगायचे. आमच्या घरात त्या रसाला पाटकरीच म्हणायचे सगळे. पाहुणा घरात आला की चपला काढायच्या आत ह्यांचा प्रश्न, "काय, पाटकरी जागा आहे ना?" पाहुण्याला वाटे, शेताबद्दल विचारतायत. तो बिचारा कापसाचं सांगायला लागायचा.

फ्रिज हा तर आमच्या घरातला कायमचा तंटा. मी दही काढायला उघडला, की दह्याच्या शेजारी धुळ्याच्या आत्याबाई, लोणच्यामागे शेजारचे गुरुजी, बर्फाच्या खणात माझे स्वतःचे सासरे. प्रत्येक बाटलीवर सुवाच्य अक्षरात नाव, आणि वर बारीक अक्षरात "सकाळी, उपाशीपोटी". एकदा मी बठ्ठ्या, अगदी एकूण एक बाटल्या उचलून मोरीत ओतल्या. भाऊ मोरीच्या दारात उभे राहून बघत राहिले, रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "आत्याबाईंची तरी ठेवायची होतीस, ती परत देणार नाही." आता असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं! मग त्यांनी स्वतःचा एक फ्रिज आणला, जुना, घरघर करणारा. पण प्लगची जागा एकच मोकळी होती, ती देवघराच्या भिंतीला. मग काय, आमच्या गणपतीच्या उजव्या हाताला अर्ध्या खानदेशाची लघवी. सासूबाई रोज पूजा झाली की निरांजन त्या फ्रिजवरूनही ओवाळायच्या. म्हणायच्या, त्याचा देव तो आहे, त्यालाही उजेड दिसू दे.

लग्नकार्यात त्यांना न्यायचं म्हणजे आम्ही आधी नवस बोलायचो. एरंडोलला माझ्या चुलतबहिणीच्या दिराचं लग्न होतं, मे महिन्यातलं, ऊन असं की मांडवाचं कापड हात लावला तर चटकावं. मंगलाष्टकं चालू, आणि हे नवरदेवाकडे निरखून बघतायत. एकदम पुढे गेले आणि भटजींना म्हणाले, "थांबा हो दोन मिनिटं. ह्याने सकाळपासून पाणी घेतलेलं नाही. आधी तांब्या द्या, मग अक्षता टाका." वरबापाचं तोंड असं झालं की विचारू नका. कोण हा आगंतुक, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आहेर चाचपत मान खाली घातली. अक्षता पडल्या आणि नवरदेव अंतरपाटावरच कोसळला. तरीसुद्धा मोठेपणा कुणी दिला नाही. उलट हा माणूस बोलला म्हणूनच झालं, असं सगळ्यांनी ठरवलं. सावद्याला केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांकडे बाटल्या घेऊन गेले, तेव्हा तर त्यांनी ह्यांना करणी करणारा समजून बागेतून हाकललं. परतले ते चिखलाने माखलेले, पण चार बाटल्या तरी छातीशी धरलेल्याच.

आणि लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण देवाने ह्यांच्यासाठीच घडवली असावी. अख्ख्या जगाला पाण्याचं शहाणपण शिकवणारा हा माणूस स्वतः पाणी प्यायला विसरायचा. जळगावचा उन्हाळा, बंद खोलीत बाटल्यांवर वाकलेला, संध्याकाळी विचारावं तर "सकाळी चहा घेतला होता ना" म्हणणारा. शेवटी मुतखडा झाला. व्हायचाच होता. कण्हत कण्हत म्हणाले, "बघ, पाटकऱ्याने सगळं पाणी अडवलं, म्हणून क्षारांचा साका बसला." आपल्या दुखण्यातही त्याच रसाचं कौतुक. मी म्हटलं, "तुमच्या पाटकऱ्याला आग लागो!" तर वेदनेतही हसले.

पण ह्या सगळ्या वेडामागे एक घर होतं, ते आता सांगते. सांगावंसं वाटत नाही, पण ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरकडल्या एका खेड्यात एक शेतकरी कुटुंब होतं. त्यांना गावात हंडेवाले म्हणत. त्या घरात पिढ्यान् पिढ्या काही माणसं अशी निपजायची, की ज्यांना हंडाभर पाणी दिवसाला पुरायचं नाही. आजोबा तसा, मुलगा तसा, त्याची एक बहीण तशी. प्यायचं आणि जायचं, प्यायचं आणि जायचं. रात्रभर उशाला घागर. ज्या गावात पाणी टेकडीखालून डोक्यावर आणावं लागतं, तिथे असलं घर म्हणजे काय ते बाईलाच कळेल. गावात म्हणच पडली होती, "त्या घरमा पोर दिधी का ती जलमभर हंडाच वाही." म्हणून त्यांच्या मुलांना मुलगी मिळायची नाही, आणि मुलींना तर कुणी विचारायचंच नाही. घरातली म्हातारी सांगायची, "आमना घरले पानीना शाप शे, भाऊ." कुणा वैदूने मधुमेह म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून लहान पोरांचा गूळसुद्धा बंद करून त्यांना कारल्याचा रस पाजत होते. त्यात साखरेचा काही संबंध नव्हता. पाटकरीच नव्हता त्यांच्या अंगात. आता आता तर जगभरच्या डॉक्टरांनी त्या आजाराच्या इंग्रजी नावातून डायबेटिस हा शब्दच काढून टाकलाय, लोक फसतात म्हणून. पण कारल्याचा रस प्यायलेल्या त्या पोरांना त्याचं काय?

भाऊंना ह्या घराची बातमी लागली आणि ते त्या दिवसापासून त्यांचेच झाले. दर रविवारी एसटी, मग टमटम, मग पायी. घरातल्या प्रत्येकाला आरशासमोर बसवावं तसं समोर बसवून कोण किती पितो, कोणाला लहानपणापासून आहे, कोण मेलं, कोण वाचलं, ते विचारत बसायचे. नंतर मोठ्या शहरातून संशोधकांच्या दोन जीपा आल्या, रक्ताच्या नळ्या भरल्या, घरासमोर सगळ्यांना उभं करून फोटो काढला, म्हातारीला एक शाल दिली आणि गेले ते गेलेच. आजाराचं मूळ त्या रक्तात सापडलं म्हणे, कुठल्याशा मासिकात छापूनही आलं असेल. पण तहान तशीच राहिली. हे मात्र जात राहिले. ह्यांच्याकडे काही शाल वगैरे नव्हती, पण त्या रसासारखं काम करणाऱ्या गोळ्या निघाल्या होत्या, त्या ह्यांनी मिळवून आणल्या.

त्या घरातली थोरली मुलगी रोहिणी. चुणचुणीत पोर होती, डोळे असे की काही सांगायच्या आत ओळखायची. आठवीत शाळा सुटली, कारण मास्तर दर तासाला बाहेर सोडायचे नाहीत आणि एक दिवस वर्गातच झालं. त्यानंतर तिने शाळेचं नावच टाकलं. वीस वर्षांची झाली तरी सोयरीक नाही. तिच्या बापाला एवढंच हवं होतं, की आपल्या पोरीचं लग्न व्हावं आणि ती तिथे टिकावी. भाऊंनासुद्धा तेवढंच हवं होतं. संशोधन, मासिकं, नाव, हे सगळं बाजूला पडलं. भाऊ घरी असले की आमच्या घरात रोहिणीच्या पाण्याचा हिशेब चालायचा, आणि मी मनातून म्हणायचे, लग्न केलं असतं तर ह्या वयाची पोर असती ह्यांना.

गोळी सुरू करायच्या आधी आजाराची खात्री करायची एक तपासणी असते. माणसाला डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर पाण्याविना ठेवतात आणि सारखं वजन करतात. रोहिणीची ती तपासणी धुळ्याला झाली, तेव्हा मी बरोबर गेले होते, बाईमाणूस हवं म्हणून. अरे देवा, ते हाल! जीभ लाकडासारखी, डोळे खोल. खिडकीतल्या फुलदाणीतलं शिळं पाणी बघून ती माझा हात इतका घट्ट धरायची की बांगडी रुतायची. भाऊ पूर्ण वेळ समोर स्टुलावर बसून होते, स्वतः एक थेंब प्यायले नाहीत. सारखं तिला म्हणायचे, "अजून थोडं पोरी. मी आहे ना." मग गोळी दिली, आणि काही वेळाने ती पाणी न मागता नुसती बसली. आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्या पहाटे तिच्या बापाचा घाबऱ्या घाबऱ्या फोन, "साहेब, पोर उठनीच नही!" हे चप्पल न घालता निघाले होते. मग कळलं, की ती फक्त झोपली होती. घरात कुणी रात्रभर सलग झोपू शकतं, हेच त्या बापाने कधी बघितलं नव्हतं.

गोळी चालू झाली की दुसरा धोका असतो, आणि भाऊंना तोच जास्त भेडसावायचा. सवयीने पाणी पीत राहिलं, तर ते अंगात साठतं आणि झटके येतात. म्हणून ह्यांनी तिला घोकून घेतलं: तहान लागल्याशिवाय पाणी नाही, कुणी आग्रह केला तरी नाही, पाण्याला नाही म्हणायला शीक. आजी तांब्या पुढे करायची, ती हात जोडायची. हे टाळ्या वाजवायचे. खानदेशात पाण्याला नाही म्हणणं म्हणजे केवढा उद्धटपणा, तुम्हाला माहीतच आहे. पण ह्यांनी त्या अख्ख्या घराला तो उद्धटपणा शिकवला.

मग दोंडाईच्याचं स्थळ आलं. किराणा दुकान, माणसं बरी, मुलगा शिकलेला. मुलगी बघायला यायच्या आधी बापाने भाऊंचे पाय धरले. "तेसले काय सांगू नका, साहेब. सांगं ते मोडी जाई." आणि ज्या माणसाने आयुष्यभर मांडवात, बसमध्ये, पंगतीत, जिथे नको तिथे सगळ्यांच्या लघव्या चव्हाट्यावर मांडल्या, तो त्या दिवशी गप्प बसला. मी आत बायकांत होते, दारातून ऐकत होते. मुलाच्या वडिलांनी सरळ विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही ह्यांच्या घरचे. पोरीला काही आजार वगैरे?" भाऊ आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "पोर ठणठणीत आहे." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, हा माणूस माणसात आला.

लग्न झालं. भाऊ जेवले सुद्धा नीट, कुणाला पाणी प्यायलास का म्हणून विचारलं नाही. रोहिणी गोळ्या बांगड्यांच्या पेटीत ठेवायची आणि सकाळी देवाला हात जोडायच्या मिषाने घ्यायची. तिचा फोन यायचा, भाऊ एका वाक्यात विचारायचे, "बरी आहेस?" आणि ती "बरी शे, साहेब" म्हणायची. महिने गेले. तिला स्वतःलाही वाटायला लागलं असणार, की आपण आता बऱ्या झालो. घागरीकडे न बघता दिवस जायला लागले की कुणालाही वाटेल.

भाद्रपदात तिची सासरची पहिली हरतालिका. सासूच्या घरी ती कडक, पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात नाही. सकाळी तिने माहेरी आईला फोन केला. तिच्या आईनेच हे नंतर आम्हाला सांगितलं, छाती पिटत. पोर म्हणाली, "गोयी खादी ते उपास मोडी जाई, माय. एक दिन नही खादी ते काय व्हस? माले साहेबनी बी बिनपानीनं ठेयेल व्हतं, काय व्हयनं माले?" धुळ्याला तपासणीत पाण्याविना राहिले, तशी एक दिवस गोळीविनाही राहीन, असा तिचा हिशेब. आई म्हणाली, कर बाई, सासूला बरं वाटेल. साहेबांना विचारावं असं दोघींच्याही मनात आलं नाही. हरतालिकेचं कुणी पुरुष डॉक्टरला विचारतं का? गोळी नाही, पाणी नाही. दिवसभर तिच्या अंगातून पाणी जात राहिलं आणि ती तहान गिळत राहिली, कारण पाण्याला नाही म्हणायला तिला शिकवलेलं होतं. हंडेवाल्यांची पोर पाण्याविना राहू शकते, हे तिला स्वतःलाच दाखवायचं होतं. दुपारी पूजेला बसली तेव्हा ओठ फाटलेले होते, पण सासूनेच सांगितलं, हसत होती. जागरणाच्या गाण्यांत ती भिंतीला टेकून झोपी गेली. बायका म्हणाल्या, नवी आहे, दमली असेल, झोपू द्या.

सकाळी उठली नाही. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे उपासाचा अशक्तपणा म्हणून सांगितलं, कारण दुसरं काही कुणाला माहीतच नव्हतं. माहेरी निरोप जायला दुपार झाली, आणि बापाने तिथून भाऊंना फोन केला. हे गाडी करून निघाले, रस्ताभर दवाखान्यातल्या डॉक्टरला फोनवरून ओरडून सांगत होते, काय द्या, किती हळू द्या. रोहिणीला धुळ्याला हलवलं. दोन दिवस होती. शुद्धीवर आली नाही. तिच्या रक्तातलं मीठ पाण्याविना किती चढलंय ते बघून भाऊ कागद हातात धरून उभेच राहिले होते, त्यांना बसायला सांगावं लागलं. ती गेली तेव्हा तिचे सासरे बाहेर आले. भांडायला आलेत, असं मला वाटलं. भांडले असते तर बरं झालं असतं. ते भाऊंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, एक शब्द सांगायचा होतात. आम्ही त्या पोरीला पाण्याच्या टाकीत बसवून ठेवलं असतं. आम्ही काय राक्षस आहोत का?"

माझा आजही त्या दिवसाचा संताप जात नाही. कुणावर करू तेही कळत नाही. बापावर? तो पोरीचं घर वसवत होता. सासूवर? ती बिचारी स्वतः त्याच दिवशी कोरडी होती. रिवाजावर राग काढला तर तो कुणाच्या अंगाला लागतो? सगळ्यात जास्त राग मला ह्याच माणसाचा येतो. रस, गाठ, मूत्रपिंड, रक्त, सगळं विचारलंत हो तुम्ही त्या घराला. बायका वर्षातून किती वेळा पाणी सोडतात, हे एकदा विचारलं नाहीत. माझ्या लग्नापासून मी ह्याच घरात हरतालिका करते आहे, ह्यांच्या डोळ्यांदेखत, आणि ह्यांना दरवर्षी वाटायचं की माझं पोट बिघडलंय. एकदा तर मला ओवा आणून दिला होता.

त्यानंतर भाऊ सुधारले. म्हणजे लोक तसं म्हणतात. लग्नांत गप्प जेवतात, पाहुण्यांना पाटकऱ्याचं विचारत नाहीत, तो घरघरणारा फ्रिज बंद करून भंगारवाल्याला दिला. नातेवाईक मला म्हणतात, "बरं झालं बाई, सुटलीस." मला माझ्या दह्याशेजारच्या आत्याबाई परत हव्यात, असं सांगितलं तर मलाच वेड लागलं म्हणतील. घरात एक म्हातारा माणूस दिवसभर खिडकीत बसतो, आणि कुणी पाणी मागितलं की दचकतो.

मागच्या महिन्यात रोहिणीचा बाप आला. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, आणि बरोबर त्याची धाकटी मुलगी. तिलाही तेच आहे, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. ओसरीवर बसताच तिचे डोळे माठ शोधत होते. बाप म्हणाला, "हिले बी गोया द्या, साहेब. तुम्हना काय दोस नही." भाऊ उठून आत स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत ते स्वयंपाकघरात बाटली मागायलाच येत, म्हणून मी सवयीने हात पुसले. ते पाटावर बसले आणि म्हणाले, "अगं, बायका वर्षभरात कोणकोणते उपास करतात?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग चैत्रापासून सुरुवात केली. रामनवमी, वटपौर्णिमा, एकादश्या, श्रावणातले सोमवार, शनिवार, मंगळागौर, हरतालिका, ऋषिपंचमी, नवरात्र, चतुर्थ्या. सांगता सांगता मलाच वाटलं, केवढे हे! ते शाळकरी पोरासारखे ऐकत होते. मध्येच म्हणाले, "ह्यातले बिनपाण्याचे कुठले?" मी म्हटलं, "ते घराघरावर असतं, भाऊ. सासूवर असतं." "आणि गोळी कुठल्या उपासाला चालते?" "तेही घराघरावर. कुणाकडे चहा चालतो, कुणाकडे थुंकी गिळलेली चालत नाही."

"म्हणजे प्रत्येक घरी जाऊन विचारायला हवं," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी, त्या घरी. सगळं सांगून. पण मला बायका सांगणार नाहीत गं. तू येशील का बरोबर?"

मी येते म्हटलं. बाहेर ओसरीवर धाकटीने हळूच पाणी मागितलं. भाऊ उठले, माठातून तांब्या भरला आणि तिच्या हातात देऊन ती पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले. तिने रिकामा तांब्या लाजत पुढे केला. दुसरा भरायला ते माठाकडे वळले, तेव्हा तो तांब्या त्यांच्या हातून घेऊन मीच भरून दिला.